पाच कामट्यांचा डोळा

जमनी आत्रामच्या तोंडाला लागायची हिंमत त्या पोडावर फारसं कोणी करत नसे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. झरी तालुक्यातलं हे पोड चाळीस घरांचं, सागाच्या जंगलाला पाठ टेकून बसलेलं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जमनी चौदा वर्षांपासून पोषण आहार शिजवत होती. खिचडीत मीठ कमी आहे असं कोणी म्हटलं तर ती हातातला डाव त्याच्याकडे रोखायची आणि म्हणायची, मग घरून घेऊन ये. मात्र कोणतं लेकरू सकाळी काही न खाता आलंय हे तिला चेहऱ्यावरून कळायचं, आणि त्याच्या ताटात न मागता दुसरा डाव पडायचा.

अशी ही खमकी बाई मास्तर माणसांपुढे मात्र मांजर व्हायची. वर्ग झाडायला ती सगळ्यांच्या आधी येई आणि पहिला मास्तर दिसला की पदर ओढून स्वयंपाकाच्या खोलीत शिरे. चौदा वर्षांत वर्ग चालू असताना तिनं उंबरठा ओलांडला नव्हता. गावच्या सरपंचाला तोंडावर खोटारडा म्हणणारी जमनी शाळेत आवाज का काढत नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारायला कोणाची छाती नव्हती.

उरलेल्या वेळात ती बांबूचं काम करायची. कोलामांचा हा जुनाच हुन्नर. सूप, टोपली, भिंतीला लावायचा ताटवा, काय म्हणाल ते तिच्या हातून निघे, पण तिचं नाव होतं ते डाल्यासाठी. डालं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायचं मोठं उलटं टोपलं. तिचं डालं बैलानं पाय दिला तरी मोडायचं नाही अशी ख्याती होती. मुकुटबनच्या बाजारात तिचं डालं उतरलं की शेजारचे विणकर आपली डाली जरा मागे सरकवत.

शाळेत फळा आला तो श्रावणात. गणित शिकवायचे धम्मरत्न मेश्राम सर. ते राजूरचे. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. आठ तास अंधारात काढून आलेल्या त्या बापानं पोराला रोज पाढे म्हणायला लावले आणि पोरगा गणिताचा मास्तर झाला. या सरांनी वर्षभर अर्जावर अर्ज टाकले, वणीकडच्या कोणा दानशूर मंडळींच्या मागे लागले, आणि एक दिवस पिकअपमधून गादीत गुंडाळलेला तो फळा उतरवून घेतला. साधा फळा नव्हे. दरवाजाएवढी उजेडाची काच. बोटानं लिहायचं, बोटानं आकृती उचलायची, फिरवायची, मोठी करायची. आसपासच्या तीस शाळांत तशी वस्तू दुसरीकडे नव्हती. लेकरं त्याला टच बोर्ड म्हणू लागली.

जमनीची आणि त्याची पहिली गाठ चांगली पडली नाही. सरांनी सकाळी बोर्ड सुरू करून ठेवला आणि ते बाहेर कोणाशी बोलत उभे राहिले. जमनी झाडायला आत गेली. एवढ्या पांढऱ्याशुभ्र काचेवर तिला धूळ दिसली. तिनं कमरेचं ओलं फडकं काढून पुसायला घेतलं, तो फडक्यामागोमाग जाडजूड निळी रेघ उमटली. ती पुसायला गेली तर दुसरी उमटली. मग आडवं पुसलं, उभं पुसलं, गोल पुसलं. पुसावं तितकं वाढत चाललं. पाच मिनिटांत त्या काचेचं पार मातेरं झालं. जमनीला घाम फुटला. आता चुलीतली राख आणून घासावं या विचारानं ती वळली, तर दारात सर उभे.

सर बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठून त्यांनी काचेच्या कोपऱ्यात एकदा बोट टेकवलं आणि सगळं क्षणात साफ झालं. काचेला बोट लागो की फडकं, त्याचा पेन होतो मावशी, तुम्ही पुसत नव्हत्या, लिहीत होत्या, असं त्यांनी समजावलं. जमनीनं फडकं झटकलं, खाली पाहत ती एवढंच पुटपुटली, "मंग मले आधी काहून नाई सांगतलं?" आणि तरातरा निघून गेली. या वस्तूशी आपलं जमायचं नाही, असं तिनं त्या दिवशी ठरवून टाकलं.

पण स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी वर्गाच्या खिडकीसमोर होती. चूल पेटवायची म्हटलं की तोंड तिकडेच व्हायचं. चार-पाच दिवस तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एका सकाळी सरांनी बोर्डावर एक पिवळा त्रिकोण काढला. त्याच्या शेजारी दुसरा आणून लावला, तिसरा लावला, असे एका टोकाभोवती सहा लावले. सहावा बसताच त्यांचा मिळून एक षट्कोन झाला. सरांनी त्या षट्कोनाची नक्कल केली, तिची पुन्हा नक्कल केली, आणि बघता बघता सगळी काच सहा बाजूंच्या घरांनी भरून गेली. कुठं फट नाही, कुठं एकावर एक चढलेलं नाही.

जमनीचा डाव पातेल्यात तसाच राहिला. काचेवर तिचं डालं पसरलं होतं. तिच्या आईनं शिकवलेला, बांबूच्या सहा कामट्या एकमेकींना कातरत जाऊन विणीत पडणारा तो सहा बाजूंचा डोळा, एक नाही, शेकड्यानं, आणि उजेडाचा. आपण जे विणतो ते कोंबड्या झाकायला, एवढंच तिला आजवर माहीत होतं. त्याला नाव आहे, ते मास्तर लोक शिकवतात, लेकरं वहीत उतरवून घेतात, हे तिच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा खिचडी करपली. लेकरांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

तेव्हापासून गणिताच्या तासाला चुलीत जाळ कमी आणि खिडकीत जमनी जास्त असं होऊ लागलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बोर्डावरची आकृती वाचायला अक्षर लागत नव्हतं. कोन उघडायचा, मिटायचा. भाकरीसारखा गोल चार जागी कापला जायचा, आठ जागी कापला जायचा. तिची नात प्रेरणा सातवीत होती. ती घरी आली की कोळशानं अंगणात तेच काढून दाखवायची आणि जमनी कामट्या तासत, कान देत नसल्याचं सोंग करत, सगळं ऐकायची. दरवर्षी कापूस वेचणीला लागला की शाळा अर्धी रिकामी व्हायची. यंदा लेकरं आईबापांशी भांडून शाळेत येत होती, कारण प्रत्येकाला रोज एकदा बोर्डाला बोट लावायला मिळत होतं.

आणि नेमकं तेव्हाच बोर्ड हलवायचं घाटू लागलं. केंद्रप्रमुख फुलचंद राठोड साहेब एक दिवस भेटीला आले. आसपासच्या शाळांवर त्यांची देखरेख. साहेब वाईट माणूस नव्हता. हिशेबी होता. तुमच्या शाळेत लेकरं एकतीस, केंद्राच्या मोठ्या शाळेत एकशे ऐंशी, एवढी वस्तू इथं ठेवून करायचं काय, असं त्यांनी सरळ विचारलं. धम्मरत्न सर गयावया करू लागले. शेवटी असं ठरलं की महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचा मेळा, या वेळी इथंच भरवायची. सरांनी चाळीस शिक्षकांसमोर बोर्डावर एक पाठ घ्यायचा. इथं ह्या बोर्डानं काही वेगळं घडतंय असं दिसलं तर तो राहील, नाहीतर सोमवारी मोठ्या शाळेची गाडी येऊन घेऊन जाईल.

जमनी चहा घेऊन दाराशी आली होती. तिनं सगळं ऐकलं. कप देताना साहेबांच्या बशीत चहा सांडला. घरी जाऊन तिनं तीन दिवस कोणाला नीट जेवू दिलं नाही. तिची भिंतीवरची खिडकी बंद होणार होती, आणि प्रेरणा पुन्हा कापसात जाणार होती.

परिषदेच्या दिवशी अंगणात मोटारसायकलींची रांग लागली. वर्गात लेकरं पुढे खाली बसली, मागे बाकांवर शिक्षक दाटीवाटीनं बसले, साहेब भिंतीला टेकून खुर्चीत. जमनी पाण्याचे पेले ताटात मांडून उंबरठ्याबाहेर उभी राहिली.

पाठ साधा होता. कोणत्या आकाराच्या फरशीनं जमीन फट न ठेवता भरेल? लेकरं एकेक करून उठली. त्रिकोण बसला, चौकोन बसला, षट्कोन तर असा बसला की मागून दोन शिक्षिका वा म्हणाल्या. सरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात साहेबांनी मागून विचारलं की पाच बाजूंचं काय, ते कोणी करून दाखवेल का?

प्रेरणा उठली. तिनं मध्ये एक पंचकोन ठेवला आणि त्याच्या पाचही बाजूंना एकेक षट्कोन आणून चिकटवला. पाच षट्कोनांच्या मध्ये पाच बारीक फटी राहिल्या. तिनं एक षट्कोन फिरवून फट मिटवली, तर दुसरीकडची मोठी झाली. ती मिटवली, तर तिसरी उघडली. पोरगी घामाघूम झाली. मागे कुजबुज सुरू झाली. सरांनी पुढे होऊन सांगितलं की सारख्या बाजू-कोनांच्या पंचकोनाचा कोन एकशे आठ अंशांचा, तो बसणारच नाही, अशा पंचकोनाला फरशीत जागा नाही. सांगितलं ते खरं होतं, पण पडेल आवाजात सांगितलं. एक शिक्षक शेजाऱ्याला म्हणाला की एवढ्या मोठ्या बोर्डानं शेवटी जमत नाही एवढंच सांगितलं, ते तर खडूनंही सांगितलं असतं. दोघंतिघं हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्रेरणा बोर्डापाशी तशीच उभी, बोट त्या फटीवर, खालचा ओठ दातांत धरून.

जमनीला फट दिसत होती. आणि ती फट तिला तान्ह्या लेकराच्या टाळूइतकी ओळखीची होती. जागा नाही कशी? तिथंच तर सगळी जागा आहे. ओठांपर्यंत शब्द आले आणि परत गेले. चाळीस मास्तर. एवढे मास्तर तिनं एका जागी कधी पाहिले नव्हते. तिनं नातीच्या त्या चावलेल्या ओठाकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि उंबरठ्याच्या आत पाय टाकला.

"फट राह्यते म्हणूनच तं डालं उठते," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. जमनीला पुढचं मराठीत सुचेना. ती भराभर कोलामीत काहीतरी बोलली, मग तेही थांबलं. सर तिच्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, मावशी, करून दाखवता का? ती जी पळाली ती स्वयंपाकाच्या खोलीमागे. तिथं डाल्याखाली तिची कोंबडी पिलं घेऊन बसली होती. जमनीनं डालं उचललं, कोंबडी कोकलत मोटारसायकलींच्या रांगेत शिरली, आणि ही बाई ते डालं छातीशी धरून वर्गात आली.

तिनं ते लेकरांच्या मधोमध ठेवलं आणि स्वतःही खाली बसली. माणसांकडे न पाहता डाल्याकडे पाहायचं म्हटल्यावर तिची जीभ मोकळी झाली. बुडाचे डोळे बोटानं दाखवत ती मोजू लागली. इथं सहा कामट्या, इथं सहा, इथंही सहा. नुसते सहाचे डोळे टाकत गेलं तर काय होईल? चटई होईल. गावभर विणत जा, चटईच राहील, कोंबडी काही झाकली जाणार नाही. मग तिनं बुडाच्या कडेचा एक डोळा दाखवला. प्रेरणानं मोजलं. पाच. तिथं एक कामटी कमी घ्यायची. कमी घेतली की फट पडते, फट ओढून बुजवली की सपाटी राहत नाही, विणकाम आपोआप वर उठतं. काचेवर ते उठू शकत नाही, कारण काच सपाट आहे. पोरीची चूक नाही, पाचाचीही चूक नाही.

धम्मरत्न सर केव्हा गुडघ्यांवर बसले ते त्यांनाही कळलं नाही. ते डालं फिरवून पाचाचे डोळे मोजत होते. सहा निघाले. त्यांनी दुसऱ्यांदा मोजले. सहाच.

"सहा टाकले की भित उभी राह्यते," जमनी म्हणाली. "बारा टाकले की तोंड बंद. लहान पोरायसाठी चेंडू करतो नं, त्याले बारा. चेंडू मुठीएवढा करा नाहीतं मडक्याएवढा करा, सहाचे डोळे वाढते. पाचाचे बाराच."

एका मुलीनं कपाटावरचा शाळेचा फुटबॉल काढून सरांच्या हातात दिला. जुना, पांढऱ्या-काळ्या ठिगळांचा. काळी ठिगळं पाच बाजूंची, पांढरी सहा बाजूंची. सर एकेका काळ्या ठिगळावर खडूनं खूण करत मोजू लागले आणि त्यांच्याबरोबर सगळा वर्ग मोजू लागला. आधी लेकरं, मग मागचे शिक्षक, मग हसणारे ते दोघंतिघंही. नऊ, दहा, अकरा, बारा. तेरावं शोधून सापडलं नाही. बाहेर कोंबडी पिलांना हाका मारत होती. खरं सांगायचं तर वर्गाला थोडी भीतीही वाटली. आयुष्यभर ज्याला लाथा मारल्या त्या चेंडूत असा कायदा लपून बसलाय, आणि तो या बाईच्या बोटांना ठाऊक आहे, हे पचायला वेळ लागत होता.

सर उठले. सगळ्यांसमोर म्हणाले की मला हे माहीत नव्हतं, बाराच का ते मला आत्ता सांगता येत नाही, शोधून सांगीन. मग त्यांनी बोर्डावर काहीतरी चाळलं आणि एक आकृती उघडली. पंचकोन आणि षट्कोनांचा गोल चेंडू, नुसत्या रेघांचा, आरपार दिसणारा. त्यांनी जमनीला जवळ बोलावलं आणि बोट लावायला सांगितलं.

जमनीनं आधी बोट पदराला पुसलं. मग अलगद काचेला टेकवलं आणि सरकवलं. चेंडू फिरला. पुढचे डोळे मागे गेले, मागचे पुढे आले, आणि मागे गेलेले आतून दिसतच राहिले. तिनं पुन्हा फिरवला. विणताना हातासमोरचं तेवढं दिसतं. पलीकडची बाजू नेहमी बोटांनी चाचपायची, अंदाजानं धरायची. पन्नास वर्षांत अख्खा चेंडू तिनं कधी पाहिला नव्हता. आईनंही पाहिला नसेल, आजीनंही नसेल. आता बाराच्या बारा डोळे एकाच वेळी तिच्याकडे पाहत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही तिला भान राहिलं नाही. ती फिरवत राहिली. कोणीच तिला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं साहेब खुर्चीतून उठले. ते म्हणाले, "बोर्ड इथंच राहू द्या. मोठ्या शाळेत बोर्ड नेता येईल, ही बाई कुठून आणू?"

लेकरांनी असा गलका केला की जमनीला अर्धं ऐकूच आलं नाही. प्रेरणानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं तेव्हा ती मटकन बाकावर बसली. मास्तरांच्या बाकावर, दोन शिक्षकांच्या मध्ये, आणि त्या दोघांनी सरकून तिला जागा केली.

परिषदेचं एक रजिस्टर असतं. त्या दिवशी कोणी मार्गदर्शन केलं त्याचं नाव आणि शिक्षण त्यात लिहावं लागतं. सरांनी ते उघडलं आणि विचारून विचारून लिहिलं, जमनी लेतू आत्राम. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. जमनीनं विचारलं, आता काय राह्यलं? शिक्षण, सर म्हणाले, आणि लगेच म्हणाले की राहू द्या, नाही लिहिलं तरी चालतं.

"नऊ दिवस," जमनी म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिच्या लहानपणी पोडावर शाळा नव्हती. पलीकडच्या गावात होती, नाला ओलांडून. ती नऊ दिवस गेली. नवव्या दिवशी मास्तरनं सगळ्यांसमोर उभं करून काहीतरी विचारलं. तिला उत्तर येत होतं, पण ते कोलामीत येत होतं. तिनं कोलामीत सांगितलं. मास्तर हसले, मग सगळा वर्ग हसला. घरी आल्यावर आईनं काही न विचारता तिच्या हातात कामट्या दिल्या.

सरांनी खाली मान घालून रकान्यात लिहिलं, नऊ दिवस. साहेबांनी सहीसाठी रजिस्टर ओढलं, ते वाचलं आणि त्यांना कसंसंच झालं. हे बरं दिसत नाही, हे खोडा आणि परंपरागत कारागीर असं काहीतरी चांगलं लिहा, असं ते सरांना म्हणाले. सरांनी पेन उघडलं.

जमनीनं रजिस्टरवर हात ठेवला.

"खोडू नका साहेब," ती म्हणाली. "नऊ दिवस मी गेलती."

साहेबांनी सही केली.